प्रेमिलाबाई आणि गाजरगवत

प्रेमिलाबाईंना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. बाई तासभर बाकांच्या रांगांतून फिरत शिकवायच्या. इंदोरा वस्तीतून जरीपटक्याकडे जाताना मुलींची एक शाळा होती, तिथं त्या सातवी-आठवीला विज्ञान शिकवत. घर जवळच, पण तेवढा रस्ताही त्यांना सरळ चालता यायचा नाही. नालीच्या काठचं शेवाळ काडीनं उचलून डबीत भर, कडुनिंबाखाली उगवलेली रोपं उपटून मुळं बघ, कोणाच्या कुंपणावरची वेल उजवीकडून वळते की डावीकडून ते न्याहाळ, असं करत करत त्या घंटेच्या ठोक्याला फाटकात शिरायच्या. सासूबाई जयवंताबाई म्हणायच्या, "हे सून आहे का बकरी? जाता-येता पाला ओरबाडून राहते!"

माहेरी शिकलेल्या त्याच पहिल्या. वडील दादाजी कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी त्यांनी लहानग्या प्रेमिलाला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "पाहून घे बेटा. आता तुले कोणी 'दूर हो' म्हणणार नाही." ती गर्दी पुढं तिला धड आठवत नव्हती. पांढरे कपडे, डोळ्यांवर येणारं ऊन आणि बापाच्या घामेजल्या मानेचा वास, एवढंच. वाक्य मात्र पक्कं बसलं होतं.

शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि तो कपाटात कुलपात असायचा. तेव्हा बाईंनी झाडांनाच कामाला लावलं. "पान म्हणजे झाडाची चूल," त्या सांगायच्या. "ऊन हे सरपण. हवा आणि पाणी हा शिधा. आपण दुसऱ्याच्या घरचं जेवतो, झाड स्वतःच्या हातचं खातं." जास्वंदीच्या फांदीला प्लास्टिकची थैली बांधायची आणि दुपारी तिच्यात जमलेलं पाणी मुलींना दाखवायचं. "बाई, झाडालेबी घाम येते?" एखादी विचारायची. बाई खूश व्हायच्या. "कपाळ बघ आपलं आणि पान बघ. फरक सांग."

अडचण फुलांची होती. जास्वंद शाळेच्या दर्शनी बागेत, आणि बाग मुख्याध्यापिका इंदूबाईंची लाडकी. थैली बांधू देत, पण तिथलं फूल तोडणं म्हणजे पाप. मागच्या मैदानात मात्र कोणी बघत नव्हतं. तिथं चार-पाच वर्षांपासून एक नवं झुडूप माजलं होतं. पानं गाजराच्या पानांसारखी चिरलेली, शेंड्यावर पांढऱ्या बुंदीसारखी फुलं. लोक त्याला गाजरगवत म्हणत. कोणी म्हणे परदेशी गव्हातून आलं, कोणी म्हणे मालगाडीतून. ढोरं त्याला तोंड लावत नसत. पावसाळा लागला की ते कमरेएवढं व्हायचं.

बाईंना त्याची फुलं फार उपयोगी वाटायची. वर्गात प्रत्येकीच्या हातात एक एक तुरा द्यायचा, भिंग फिरवायचं. "हे एक फूल दिसतं ना? नाही. हा अख्खा मोहल्ला आहे. कडेला पाच फुलं, त्यांच्या पोटी बी. मधली सगळी नुसता पराग उडवणारी." मुली डोळे बारीक करून मोजायच्या आणि पाच सापडली की ओरडायच्या. बाईंच्या पिशवीत, टेबलावर, साडीच्या निऱ्यांत पावसाळाभर तो पांढरा भुसा पसरलेला असायचा.

शहात्तर सालच्या श्रावणात त्यांच्या पापण्यांना खाज सुटली. डोळे आले असतील म्हणून त्यांनी गुलाबपाणी घातलं. पापण्या उतरल्या नाहीत, उलट मान पेटली. मग कोपरांचे आतले सांधे, मग कानांमागचा भाग. भाद्रपदापर्यंत गळ्याभोवतीची कातडी जाड आणि काळपट झाली, जुन्या चपलेच्या तळव्यासारखी. उन्हात गेलं की आग, घाम आला की आग, पदर घासला की आग. खाज अशी की नख लागेपर्यंत धीर नाही आणि नख लागलं की रक्त. फळ्यावर लिहिता लिहिता त्यांचा डावा हात आपसूक मानेकडे जायचा. मुली बघायच्या. बाई हात खाली घ्यायच्या, खडू पकडलेली बोटं आवळायच्या आणि पुढचं वाक्य विसरायच्या.

थंडीत आग थोडी निवली. बाईंना वाटलं, गेलं. पुढचा पावसाळा आला आणि ते दुपटीनं परतलं.

औषधं काय कमी झाली? कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली, खोबरेल तेलात कापूर झाला, गंधकाचं मलम झालं, मोहल्ल्यातल्या डॉक्टरची सुई झाली. वांगी बंद झाली, अंडी बंद झाली. रविंद्र, त्यांचा नवरा, कामठीच्या जकात नाक्यावर कारकून होता. तो रोज बसमधल्या कोणाचा तरी नवा उपाय घेऊन घरी यायचा. बाई सगळे करायच्या, कारण काहीतरी करत राहणं हे नुसतं खाजवत बसण्यापेक्षा बरं होतं.

मग शाळेत कुजबुज सुरू झाली. पहिल्यांदा ती एका रिकाम्या बाकाच्या रूपानं दिसली. पुढच्या बाकावरच्या दोघी मुली मागं जाऊन बसल्या होत्या. बाईंनी विचारलं तर एक खाली मान घालून म्हणाली, "आईनं सांगतलं बाई."

तिची आई म्हणजे कांताबाई. रेल्वेलायनीजवळ राहायची, घरी दोन म्हशी, सकाळी दूध घालायची. आवाज असा की इकडून बोलली तर लायनीपलीकडे ऐकू जावं. दुसऱ्या दिवशी ती इंदूबाईंच्या खोलीत उभी राहिली आणि दार उघडंच होतं. "त्या बाईले महारोग हाय मोठ्या बाई! मानेकडं पायलं का तुमी? माह्या पोरीच्या वहीले तिनं हात नाही लावला पायजे. दूरच ठेवा तिले."

व्हरांड्यात प्रेमिलाबाई हजेरीपट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांना वाटलं होतं की असं काही कानावर आलं तर आपण आत जाऊन सडेतोड बोलू. प्रत्यक्षात त्या हजेरीपट छातीशी धरून तिथंच उभ्या राहिल्या. 'दूर ठेवा' हे शब्द त्यांच्या बापानं कितीदा ऐकले असतील, हा एकच विचार डोक्यात गरगरत राहिला.

इंदूबाई वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. "प्रेमिलाताई, मी म्हणत नाही, लोक म्हणतात," त्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाल्या. "थोडी रजा घ्या. डॉक्टरांना दाखवा. लिहून आणा म्हणजे मलाही चार लोकांना सांगता येईल."

रजेत घर खायला उठलं. बाई ओटा पुसायच्या, पुसलेला पुन्हा पुसायच्या. अंगणात यायच्या, आत जायच्या. शेजारीण पार्वतीबाई रोज हळद मागायला यायची ती यायची थांबली, हे त्यांनी टिपलं. रविंद्रनं एक दिवस आपली सतरंजी खिडकीखाली सरकवली, "गरमी होऊन राहिली" म्हणाला. खरंच गरम होत होतं. तरीही त्या सतरंजीकडे त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा जात राहिलं.

गंमत म्हणजे घरी राहून आग कमी झाली. पापण्या उतरल्या. मग एका सकाळी त्या पगाराच्या कागदावर सही करायला शाळेत गेल्या, जेमतेम अर्धा तास, आणि संध्याकाळी डोळे पुन्हा बंद.

त्या रात्री भाकऱ्या थापताना जयवंताबाई म्हणाल्या, "उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं."

"आणि तेच निघालं तर?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"निघालं तर निघालं. त्याचीबी गोळी भेटते आता. माह्या मामाले झाला होता, त्याले गावाबाहेर झोपडी बांधून देली होती. तो रोगानं नाही मेला वं, एकट्यानं मेला. माह्या घरात तसं नाही होऊ देणार मी."

चामडीच्या रोगांच्या विभागात मोठी रांग होती. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना घाई होती, पण बाईंच्या मानेवर नजर पडल्यावर घाई गेली. त्यांनी कापसाचा बोळा घेऊन चट्ट्यावर हलकेच फिरवला. बाई दचकून मागं सरकल्या.

"कळलं?"

"कळलं म्हणजे? वारा लागला तरी कळतो."

"मग हा महारोग नाही. त्यात चट्टा बधिर होतो. हा तर नको तितका जागा आहे." डॉक्टरांनी पापण्या बघितल्या, कोपर बघितलं, गळा बघितला. "जिथं जिथं अंग उघडं, तिथं तिथं आहे. पोटावर, पाठीवर काही नाही. हवेतून काहीतरी येऊन बसतंय. कुठं काम करता?"

"शाळेत."

"शेतावर नाही? गवत कापणं, चारा?"

"नाही. फक्त वर्गात फुलं..." बाई बोलता बोलता थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "गाजरगवताची फुलं असतात. मी मुलींना दाखवते."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू हरवलेली किल्ली खिशातच सापडली. तसे रोगी त्यांच्याकडे यायला लागले होते, बहुतेक शेतकरी आणि लायनीवर काम करणारे पुरुष. त्यांनी खात्री करायला पाठीवर गाजरगवताचं एक ताजं पान पट्टीनं चिकटवून दिलं आणि सांगितलं की दोन दिवसांनी पट्टी काढायला याल तोवर पाणी लावायचं नाही, खाजवायचं तर मुळीच नाही. ते दोन दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. भिंतीला पाठ टेकवून उभ्या राहायच्या, पुन्हा चालायला लागायच्या. जयवंताबाईंनी हातात चाळणी दिली, "तांदूळ निवड. हात रिकामा नको ठेवू."

पट्टी निघाली तेव्हा पाठीवर पानाची हुबेहूब आकृती उठली होती, लालभडक, काठाकाठानं फोड. डॉक्टरांनी सांगितलं की त्या पानांवर बारीक केस असतात आणि केसांत विष. पराग उडतो, सुकलेल्या पानांचा भुसा उडतो, तो सगळा अंगावर बसतो. सगळ्यांना होत नाही. पण एकदा का अंगानं ते विष ओळखलं की अंग विसरत नाही. "मलम देतो. आग निवेल. पण खरं औषध एकच, त्यापासून लांब राहा."

घरी येताना बाई सायकलरिक्षात बसल्या. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण मनात वेगळंच चाललं होतं. झाडांवर त्यांनी माया केली होती. झाडाला पाय नाहीत, त्याला पळता येत नाही, हे त्याच तर शिकवायच्या. मग ज्याला पळता येत नाही तो उभ्या जागी लढणार, हे आपल्याला कसं सुचलं नाही? ते विष माणसासाठी नव्हतंच. शेजारचं रोप उगवू नये, ढोरानं खाऊ नये म्हणून होतं. आपण मधे आलो. आणि नुसत्या आपण नाही, वर्गभर मुलींच्या हातात आपणच ते तुरे दिले.

कामावर रुजू होताच त्यांनी पहिलं काम हे केलं. वर्गात सांगितलं, "मी तुम्हाला जे फूल हातात दिलं, त्यानं मला हे झालं. कोणाला खाज आली होती का?" दोन हात वर आले. घाबरत, अर्धेच. सुदैवानं त्या दोघींना फारसं काही झालेलं नव्हतं, पण बाईंनी दोघींच्या घरी जाऊन सांगितलं. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी दारातूनच बोलणं झालं.

डॉक्टरांचा कागद इंदूबाईंनी फलकावर लावला. त्यानं फार फरक पडला नाही. "कागदावर काय, कोणीबी लिहून देते," कांताबाई फाटकात उभी राहून सगळ्यांना सांगत होती. तिची पोरगी मागच्याच बाकावर बसत राहिली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक दिवस कांताबाई स्वतः बाईंच्या दारात आली. मागं तिचा नवरा धोंडबा, तोंडावर दुपट्टा गुंडाळलेला. आत यावं की नाही या विचारात ती उंबऱ्याबाहेरच उभी.

"बाई," आवाज पहिल्यांदाच खाली होता, "ह्यायचे डोळे पाहा ना जरा."

धोंडबानं दुपट्टा काढला. पापण्या सुजून डोळे फटीएवढे राहिले होते, मानेवर तीच काळपट जाड कातडी. लायनीच्या कडेला म्हशींसाठी गवत कापायचं हे त्याचं रोजचं काम. गेल्या वर्षीपासून खाजवत होता, पण पुरुष माणूस, कोण लक्ष देतो?

प्रेमिलाबाईंच्या ओठांवर शब्द आला होता. दूर ठेवा, असं म्हणाली होतीस ना? इतके महिने त्यांनी तो घोटून ठेवला होता. कांताबाईला तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसलाही असावा, कारण ती पटकन म्हणाली, "मी बोलली होती. मले माहीत हाय मी काय बोलली होती."

"आत या," प्रेमिलाबाई म्हणाल्या. आवाज कोरडाच होता. "गवत कापताना त्यात गाजरगवत असतं?"

"आता त्याच्याबिगर काय हाय तिथं?" धोंडबा म्हणाला. "चांगलं गवत शोधा लागते."

दुसऱ्या दिवशी बाई त्या दोघांना घेऊन दवाखान्यात गेल्या. राग गेला होता असं नाही. रिक्षात त्या तोंड फिरवून बसल्या होत्या. पण पाठीवर पान चिकटवल्यावर धोंडबा जेव्हा लहान पोरासारखा वळवळायला लागला, तेव्हा त्यांना हसू आलं, आणि कांताबाईलाही.

कांताबाईचा आवाज आता दुसऱ्या बाजूनं वाजू लागला, आणि कागदानं झालं नव्हतं ते आठवड्यात झालं, कुजबुज थांबली. पुढच्या पावसाळ्यात शाळेचं मागचं मैदान साफ करायचं ठरलं. पालक आले, हाताला प्लास्टिकच्या थैल्या बांधल्या, नाकाला फडकी. बाईंना जवळ जायची बंदी, त्या व्हरांड्याच्या टोकावरून नुसत्या हातवारे करत होत्या, "मुळासकट! वरून तोडू नका, मुळासकट!" पण पावसानं आणि सुट्ट्यांनी उशीर झाला होता. झुडपं फुलावर येऊन गेली होती. उपटताना बी सांडलं, झटकताना उडालं, ओढत नेलं तिथं तिथं पेरलं गेलं. पुढच्या वर्षी मैदान आधीपेक्षा जास्त पांढरं झालं.

इंदूबाईंनी हात टेकले. बाईंना मात्र चैन पडेना. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यातून मैदानाकडे बघत राहायच्या. एका कोपऱ्यात, भिंतीलगत, पांढरं काही दिसत नव्हतं. तिथं पिवळी फुलं होती. लांबून ओळखू येईना म्हणून त्यांनी फाटकाशी दिसलेल्या कांताबाईला पाठवलं.

"तरोटा हाय बाई," ती मूठभर पाला घेऊन आली. "भाजीचा तरोटा. आमच्या गोठ्यामागंबी दाट हाय. तिथं तुमचं ते गवत नाही येत."

"नाही येत? बघितलं आहेस?"

"आता तुमी इचारलं म्हणून आठवलं."

बाईंनी मग जिथं जिथं तरोटा, म्हणजे पुस्तकातला टाकळा, तिथं तिथं पायपीट केली, पदर नाकाला लावून, लांबून. बहुतेक ठिकाणी गोष्ट खरी होती. तरोटा लवकर उगवतो, दाट होतो, गाजरगवताच्या कोवळ्या रोपाला ऊन मिळू देत नाही. आणखीही काही असेल, ते त्यांना कळलं नाही. दिवाळीनंतर कांताबाईनं तरोट्याच्या वाळल्या शेंगा पोतंभर आणल्या. उन्हाळा संपता संपता मैदानात बी फेकलं, आणि या वेळी पहिल्या रोपांबरोबरच, फुलायच्या आत, गाजरगवत उपटायला घेतलं. तीन पावसाळे गेले. मैदान पुरतं स्वच्छ झालं नाही, पण पांढरं राहिलं नाही. मुली आषाढात कोवळा तरोटा ओटीत भरून घरी भाजीला न्यायच्या. भिंतीपलीकडे लायनीकडच्या बाजूला गाजरगवत होतंच, आणि वारा भिंत जुमानत नव्हता. बाईंची मान दर पावसाळ्यात जागी व्हायची, फक्त आता डोळे बंद होत नसत.

फुलाच्या धड्याला इंदूबाईंनी अखेर जास्वंद तोडू दिली. मोजून चार फुलं.

पंच्याऐंशीच्या सुमारास रविंद्रनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनीषनगरच्या बाजूला प्लॉट घेतला. तिकडं तेव्हा शेतंच जास्त, मधे मधे चुन्याच्या रेघा मारलेल्या. प्लॉट विकले गेले होते, घरं कोणी बांधली नव्हती, आणि रिकाम्या जमिनीवर काय माजतं ते बाईंना सांगायला नको होतं. डाव्या हाताला, मावळतीकडे, अख्खा पट्टा पांढरा होता.

मिस्तरी बाबाराव फीत घेऊन पायाची मापं टाकत होता. बाई चारी कोपऱ्यांवर जाऊन उभ्या राहायच्या, पुढं जायच्या, मागं यायच्या. बाबारावला वाटलं, शुभ-अशुभ चाललंय.

"दिशा पाहून राहिल्या का बाई? पंडिताले इचारा लागते ते."

"दिशा नाही गा, वारा पाहून राहिली. पाण्याच्या दिवसांत इकडं वारा कोणीकडून येते?"

बाबारावनं विचार केला. "मावळतीकडूनच येते."

"मग मावळतीच्या भिंतीले खिडकी ठेवू नका. एकही."

"घर भट्टी होईन बाई!"

"होऊ द्या."

रविंद्र काही बोलायला गेला, पण बाई तोवर पदर नाकाला लावून रेघ ओलांडून गेल्या होत्या. सायकलवरून चाललेल्या एका माणसाला थांबवून त्या विचारत होत्या, हा बाजूचा प्लॉट कोणाच्या नावावर आहे आणि तो माणूस कुठं राहतो.